एकाच भूमिकेत किती दिवस राहावे?

"मावशी, मी मालिका सोडू का?"

२०२२ सालच्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाने मला हा प्रश्न विचारला. मी त्याला जे उत्तर दिले ते चुकीचे होते. ते का चुकले, हे मला पुढे दीड वर्षाने उमगले. आज आपल्या कितीतरी घरांतली मुले-मुली नाटक, मालिका, सिनेमा या क्षेत्रांत पाऊल टाकीत आहेत. त्यांच्या आईवडिलांवर आणि मावशी-मामांवर असे उत्तर देण्याची पाळी कधी ना कधी येणारच. म्हणून हा अनुभव लिहिते आहे.

आमचा हा भाचा लहानपणापासून नकला करणारा. महाविद्यालयात गेल्यावर एकांकिका स्पर्धांत दोन बक्षिसे मिळविली. दाजी पालिकेत नोकरीला होते, ताई घरी शिवणकाम करी. घराण्यात नाटकाचा कुणालाच गंध नाही. पदवी झाल्यावर त्याने दोन वर्षे फोटोंची पाकिटे घेऊन अंधेरी-गोरेगाव पालथे घातले. २०१९ साली एका मराठी दैनंदिन मालिकेत त्याला काम मिळाले. भूमिका कोणती, तर मोठ्या वाड्यातल्या घरगड्याची. ताईने चाळीत पेढे वाटले. माझी आई तेव्हा ऐंशीच्या घरात होती. तिने दूरदर्शन संचासमोर स्टूल ओढून घेतले आणि ते पुढे चार वर्षे तिथून हलले नाही.

दैनंदिन मालिकेचे काम कसे चालते, ते मला त्याच्यामुळेच कळले. पहाटेची लोकल, सातची हजेरी, बारा तासांची पाळी. पैसे महिन्यावर नाहीत, जितके दिवस बोलावले तितक्या दिवसांचे. आणि तेही हातात पडायचे नव्वद दिवसांनी. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे यायचे. आकडा घसरला की कथा वळायची आणि कथा वळली की कुणाचे तरी काम कमी व्हायचे. दाढी किती वाढवायची, केस कधी कापायचे, हेसुद्धा आपल्या हातात नाही. कालच्या आणि आजच्या दृश्यात माणूस सारखाच दिसला पाहिजे. सख्ख्या चुलत बहिणीच्या लग्नात हा वाढलेल्या केसांनी मिरवला. पाहुणे विचारीत, "पोराला काही दुःख आहे का?"

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे सगळीकडची चित्रीकरणे थांबली. घरात तीन महिने एक रुपया आला नाही. २०२१ साली महाराष्ट्रात पुन्हा निर्बंध आले तेव्हा कित्येक मालिकांची मंडळी गोव्याला, दमणला, सिल्वासाला जाऊन काम करू लागली. हाही महिनाभर बाहेरगावी एका हॉटेलात राहिला. पण काम टिकले. त्याच कामाच्या भरवशावर त्याने टिटवाळ्याला एका खोलीचे घर घेतले. कर्जाचा हप्ता सुरू झाला. ताई-दाजी आयुष्यात प्रथमच स्वतःच्या नावाच्या पाटीखाली राहायला गेले.

अशा वेळी त्याने विचारले, "सोडू का?"

मी म्हटले, "तुला काही त्रास आहे का तिथे?"

"त्रास नाही गं मावशी. पहिल्या वर्षी मला चांगली वाक्यं असायची. आता मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा असतो. गेल्या महिन्यात बावीस दिवस काम केलं. मोजून बघितलं, माझी बहुतेक वाक्यं 'जी ताईसाहेब' एवढीच होती."

आता माझी हकीकत सांगते. मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावक नोंदवहीच्या टेबलावर एकतीस वर्षे काढली. मधे एकदा बढती आली होती, पण बदलीसह. मुले लहान, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मी नकार लिहून दिला. पुढे परिस्थिती निवळली तरी मी त्या टेबलावरून उठले नाही. भीती हेच त्याचे खरे कारण होते. पण मी त्या भीतीला "संसार" असे नाव दिले होते. आमच्या पिढीला नोकरी म्हणजे काय होते, हे आपणा वाचकांना सांगावयास नको. दारिद्र्यातून वर येण्याची ती एकमेव शिडी होती. शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला कुणी उडी मार म्हणत नाही.

म्हणून मी त्याला म्हटले, "बाळा, हातची भाकरी टाकून पळत्याच्या पाठी लागू नये. घराचा हप्ता आहे. दुसरे काम आपणहून चालत येईपर्यंत थांब."

तो मावशीच्या शब्दाबाहेर नव्हता. थांबला.

आमच्या घरात तेव्हा दुसरेही एक उदाहरण डोळ्यांसमोर होते. माझी आई 'सीआयडी' या हिंदी मालिकेची मोठी भक्त. ती मालिका जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये थांबली. दीड हजारांहून अधिक भाग झाले. या वीस वर्षांत एसीपी प्रद्युम्न एकच, शिवाजी साटम. दारे तोडणारा दया म्हणजे दयानंद शेट्टी, अभिजीत म्हणजे आदित्य श्रीवास्तव, प्रयोगशाळेतले डॉ. साळुंखे म्हणजे नरेंद्र गुप्ता. आईला ही मंडळी गणगोतासारखी. मी भाच्याला म्हणे, "बघ, साटमांनी वीस वर्षे एक भूमिका केली. त्यांचे काही बिघडले का? घराघरांत नाव झाले."

हे बोलताना मी एक गोष्ट लक्षातच घेतली नव्हती. ती मला भाच्यानेच पुढे समजावून दिली.

२०२३ साली एका नव्या मालिकेसाठी तो चाचणी द्यायला गेला. वकिलाची भूमिका होती. त्याने चार दिवस आरशासमोर बसून उतारा पाठ केला. ताईने कोट इस्त्री करून दिला. चाचणी घेणाऱ्या माणसाने त्याला पाहिले आणि हसून म्हणाला, "अरे, तुम्ही तो वाड्यातला गडी ना? तुम्ही कोर्टात उभे राहिलात तर प्रेक्षक म्हणतील, तांब्या कुठे ठेवला?" उतारा त्याने पुरता ऐकूनही घेतला नाही.

भाचा त्या रात्री थेट आमच्याकडे आला. कोट अंगात तसाच. जेवला नाही. म्हणाला, "मावशी, मला पहिल्यांदा गड्याचं काम दिलं तेव्हा मी कारण विचारलं नव्हतं. माझा रंग, माझं बोलणं बघून त्यांना गडीच आठवला असेल. मी म्हटलं, असू दे, सुरुवात आहे. पण चार वर्षं मी तिथंच उभा राहिलो आणि त्यांचंच म्हणणं खरं करून दिलं."

वाचकहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याच्या कपाळावर जो शिक्का बसला होता, तो ठोकणाऱ्यांत माझाही हात होता. मोठ्या घरातला देखणा नट एका भूमिकेत अडकला तर त्याला 'नायक' म्हणून ओळखले जाते. आमच्या पोरांना आधीच गडी, हवालदार, दारुडा, गुंडाचा साथीदार, एवढीच दारे उघडी असतात. तिथे जास्त दिवस राहणे म्हणजे ते दार आपल्याच हाताने आतून लावून घेणे. सर्वांसाठी एकच हिशोब नसतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले.

मग आम्ही दोघे या प्रश्नाचा नीट विचार करू लागलो. त्याने मला इंग्लंडमधल्या दोन मालिकांची माहिती सांगितली. 'कोरोनेशन स्ट्रीट' ही मालिका डिसेंबर १९६० मध्ये सुरू झाली. पहिल्या भागात विल्यम रोच नावाचा तरुण केन बार्लो झाला आणि साठ वर्षे उलटल्यावरही तीच भूमिका करीत राहिला. माणूस त्या भूमिकेतच म्हातारा झाला. दुसरी मालिका 'डॉक्टर हू', १९६३ सालची. तिची रीतच निराळी. नायकाचे रूप पालटते असे कथेतच ठरविलेले असल्याने नट बदलला तरी मालिका चालू राहते. टॉम बेकर यांनी ती भूमिका १९७४ ते १९८१ अशी सात वर्षे केली. त्यांच्या जागी पीटर डेव्हिसन आले. त्यांना पूर्वी हीच भूमिका केलेल्या पॅट्रिक ट्राउटन यांनी सल्ला दिला होता की तीन वर्षांपेक्षा जास्त राहू नकोस. डेव्हिसन यांनी तो मानला आणि १९८४ साली ते बाहेर पडले.

"म्हणजे तीन वर्षं बरोबर की साठ?" मी विचारले.

"तेच तर मला कळत नाही," तो म्हणाला.

मला वाटते, वर्षे मोजून याचे उत्तर सापडत नाही. आपल्याकडचीच उदाहरणे पाहा. ईटीव्ही मराठीवर 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ ते २०१३ अशी अकरा वर्षे चालली. रोहिणी हट्टंगडी त्यात सासू होत्या. पण त्या मालिकेत येण्यापूर्वीच त्यांनी 'गांधी' चित्रपटात कस्तुरबा साकारल्या होत्या आणि मालिका चालू असतानाच २००३ साली 'मुन्नाभाई एमबीबीएस' मध्ये त्या मुन्नाच्या आई म्हणून दिसल्या. शिवाजी साटम बँकेतली नोकरी करीत नाटकातून पुढे आलेले. 'सीआयडी'च्या आधी त्यांनी दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' ही मराठी पोलीस मालिका केली होती. 'सीआयडी' सुरू झाल्यावर १९९९ साली 'वास्तव' मध्ये ते संजय दत्तचे वडील झाले. प्रद्युम्नचा कोट उतरवून चाळीतला हताश बाप होण्यास त्यांना सवड मिळाली.

ही सवड कुठून आली? भाच्याने समजावले ते हेच. 'सीआयडी' ही आठवड्याची मालिका होती, रोजची नव्हे. शिवाय साटम हे त्या मालिकेचे मुख्य पात्र. त्यांच्याशिवाय गाडी हलत नव्हती. रोजच्या मालिकेतल्या घरगड्याला महिन्यातले बावीस दिवस द्यावे लागतात आणि उरलेले दिवसही राखून ठेवावे लागतात, कारण बोलावणे आदल्या रात्री येते. नाटकाच्या तालमीला जायचे तर कसे? त्याने एकदा महिन्याला चार दिवस मोकळे मागितले होते. उत्तर मिळाले, "तुझ्यासारखे बाहेर पन्नास उभे आहेत."

आणि एवढे मोठे नाव असूनही साटमांची वाट सोपी नव्हती. २०१८ मध्ये मालिका थांबल्यावर मनाजोगते काम समोर येत नाही, हे त्यांनी मुलाखतीत मोकळेपणाने सांगितले होते. वीस वर्षांची ओळख कलावंताला मान देते, पण नवे काम देईलच असे नाही.

प्रेक्षकांचे प्रेमही विचित्र असते. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' मध्ये अमर उपाध्याय यांचा मिहीर मेलेला दाखविला तेव्हा लोकांनी एवढा आकांत केला की त्याला परत आणावे लागले. पुढे अमर उपाध्याय मालिका सोडून गेले, दुसरा नट आला, नंतर रोनित रॉय आले आणि त्याच लोकांनी रोनित रॉयलाही मिहीर म्हणून डोक्यावर घेतले. याउलट 'तारक मेहता का उल्टा चश्मा' मधून २०१७ साली दिशा वकानी गेल्या, तर निर्मात्यांनी दयाबेनची जागा वर्षानुवर्षे रिकामी ठेवली. कुणाची जागा आठवड्यात भरते, कुणाची भरतच नाही. नटाने आपण दुसऱ्या प्रकारातले आहोत असे समजून बसू नये.

डिसेंबर २०२३ मध्ये 'सीआयडी' मधले फ्रेडरिक्स, म्हणजे दिनेश फडणीस, वयाच्या ५७ व्या वर्षी वारले. आईने बातमी ऐकली आणि पदर डोळ्यांना लावला. भाचा शेजारीच बसला होता. बातमी देणारा सारखा 'सीआयडीचे फ्रेडरिक्स' म्हणत होता. भाचा हळूच म्हणाला, "केवढं भाग्य मावशी! भूमिकेच्या नावानं सारा देश ओळखतो. माझ्या गड्याला तर मालिकेत आडनावसुद्धा नाही. मी गेलो तर बातमीत काय लिहितील?"

मी त्याच्याकडे वळले. या वेळी सल्ला दिला नाही, प्रश्न विचारला. "उद्या सकाळी लोकलमध्ये बसशील, तेव्हा आजच्या कामात काही नवे करून बघावे असे तुझ्या मनात येते का?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दोन वर्षं झाली. येत नाही."

"मग तू तिथे काम करीत नाहीस, हजेरी लावतोस. मी एकतीस वर्षे लावली. मला ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही वही घेऊन बसलो. हप्ता किती, घरखर्च किती, दाजींचे निवृत्तिवेतन किती, नव्वद दिवसांमागचे किती पैसे अजून यायचे आहेत. सहा महिने निभेल एवढा हिशोब जुळला. ताई रडली. दाजी एवढेच म्हणाले, "पोरगा शिकलाय कशासाठी? तांब्या धरायला?" तो विषय तिथेच संपला. त्याने रीतसर कळविले, ठरलेले दिवस पूर्ण केले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मालिका सोडली. भांडण नाही, तंटा नाही. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. निघताना दार आपटून निघू नये.

पुढच्याच आठवड्यात त्याच्या जागी दुसरा मुलगा आला. तोच सदरा, तोच तांब्या. कथेत खुलासासुद्धा नाही. शेजारपाजारच्या बायकांना कळलेच नाही. एकट्या माझ्या आईने चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि म्हणाली, "हा आपला नव्हे." त्यानंतर तिने ती मालिका पाहिली नाही.

सोडल्यावर सगळे सोन्यासारखे झाले असे मी सांगणार नाही. पाच महिने काही काम नव्हते. पुढे एका हिंदी मालिकेच्या मराठी आवाजाचे थोडे काम मिळाले. एका नाटकात शाळामास्तराची भूमिका मिळाली. दोनच प्रवेश, पण पहिल्या प्रवेशात तो तीन मिनिटे एकटा बोलतो. पैसे मालिकेपेक्षा कमी. हप्त्याच्या तारखेला ताईचे तोंड अजूनही सुकते. पण प्रयोग संपवून रात्री उशिरा आला तरी तो मला फोन करतो आणि सांगतो, "मावशी, आज ते वाक्य वेगळं म्हणून बघितलं." हे ऐकण्यासाठी मी जागी राहते.

इकडे 'सीआयडी' डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. साटम चौऱ्याहत्तर वर्षांचे, आणि पुन्हा प्रद्युम्न. एप्रिल २०२५ मध्ये कथेत बाँबस्फोट घडवून प्रद्युम्न मेल्याचे दाखविले आणि पार्थ समथान हा नवा अधिकारी आणला. आई म्हणाली, "येईल परत, बघ." लोक फार नाराज झाले आणि थोड्याच काळात प्रद्युम्न खरोखर परत आला. आई जिंकली. मी भाच्याला विचारले, "आता काय म्हणतोस? साटमांनी राहावे की सोडावे?" तो म्हणाला, "त्यांनी राहावं. त्यांना अजून त्यात मजा येते, आणि नको वाटलं तर उठून जाता येतं. मला दोन्ही नव्हतं."

मला वाटते, प्रश्नाचे उत्तर या दोन गोष्टींतच आहे. कामात जीव आहे का? आणि उठून जाण्याची मोकळीक आहे का? दोन्ही असतील तर साठ वर्षे राहावे. दोन्ही नसतील तर तीन वर्षेही फार झाली. एकच असेल तर दुसरी मिळविण्याच्या उद्योगाला लागावे.

म्हणून या क्षेत्रात शिरणाऱ्या मुलांना एवढेच सांगते. पहिल्या दिवसापासून सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाकायला लागा. मोकळीक पैशाने येते. मोठा हप्ता एका भूमिकेच्या भरवशावर घेऊ नका. वर्षातून एक तरी वेगळे काम करा, फुकट करावे लागले तरी, म्हणजे शिक्का वाळत नाही. आणि दरवर्षी स्वतःला एकदा विचारा की मी इथे काम करतो की हजेरी लावतो. मावशीला नंतर विचारा.

आणि माझ्यासारख्या मावश्यांनो, आपल्या पोरांना सल्ला देताना आधी आपली भीती बाजूला काढून ठेवा. मी ती ठेवली नाही, आणि त्याची किंमत त्या पोराने दीड वर्ष तांब्या धरून मोजली.

आईचे स्टूल अजून संचासमोरच आहे. ती विचारते, "आपला कधी दिसणार?" मी सांगते, "आता नाटकात दिसतो, आई. तिथे आपल्याला जावे लागते." गेल्या महिन्यात आम्ही तिला रिक्षाने नाट्यगृहात नेले. मास्तर रंगमंचावर आला तेव्हा तिने माझा हात दाबला आणि आजूबाजूच्या चार खुर्च्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "हा आपला!"